बुद्धीची परीक्षा की सवयीची?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पौडला माझ्या थोरल्या भावाच्या घरी त्या दिवशी सकाळपासून सगळे दबक्या आवाजात बोलत होते. टीव्ही बंद, मिक्सर बंद, अंगणातली मोटारसायकल कुणी सुरू करायची नाही, अशी वहिनींची सक्त ताकीद होती. आतल्या खोलीत माझी पुतणी लॅपटॉपसमोर बसली होती. एका मोठ्या सल्लागार कंपनीत तिने अर्ज केला होता आणि त्या कंपनीची ऑनलाइन अभियोग्यता चाचणी बरोबर अकरा वाजता सुरू व्हायची होती. प्रश्न अठरा, वेळ पंचवीस मिनिटे, आणि हा झाला फक्त पहिला भाग. लॅपटॉपचा कॅमेरा तिच्याकडे रोखलेला. खोलीत दुसरे कुणी असता कामा नये, नजर पडद्यावरून हलता कामा नये, अशा सूचना तिने आम्हांला आदल्या रात्री वाचून दाखवल्या होत्या.

अकरा वाजून दहा-बारा मिनिटे झाली असतील, वीज गेली. मुळशीत पावसाळ्यात वीज जाणे ही बातमी नव्हे. लॅपटॉपची बॅटरी होती, पण वायफायचा डबा मेला. पुतणीने घाईघाईने मोबाईलवरून इंटरनेट जोडले. त्यात दोन मिनिटे गेली. पुन्हा प्रश्न दिसू लागले तेवढ्यात माझी आई, म्हणजे तिची आजी, अंधारात चाचपडत खोलीत शिरली. हातात ताकाचा पेला. "लाइट गेली बग पोरी. सकाळधरनं त्या डब्यासमोर बसलीयास, घोटभर ताक तरी घे." कॅमेऱ्याने दुसरा माणूस टिपला. पडद्यावर लाल चौकट आली आणि चाचणी बंद झाली. चार दिवसांनी पत्र आले की आपल्या अर्जाचा पुढे विचार करता येत नाही आणि पुन्हा अर्ज वर्षभरानंतर करता येईल. वीज गेली होती किंवा ती माझी आजी होती, हे सांगायला त्या सगळ्या व्यवस्थेत कुठे जागा नव्हती.

पुतणी रडली नाही. लॅपटॉप मिटून तिने ताक प्यायले आणि आईला एवढेच म्हणाली, "आजी, मीठ जास्त झालंय." रडायला आले ते आम्हांलाच.

हा प्रसंग घरगुती वाटेल, पण रविवारी सकाळी हे पान वाचणाऱ्या कितीतरी घरांत आज असाच एखादा लॅपटॉप उघडा असेल. पदवीच्या शेवटच्या वर्षातला मुलगा किंवा मुलगी, पडद्याच्या कोपऱ्यात उलटे धावणारे घड्याळ, आणि दाराबाहेर ताटकळलेले आईवडील. पूर्वी नोकरीसाठी मुलाखतीला जायचे म्हणजे इस्त्रीचा सदरा, प्रमाणपत्रांची फाइल आणि एसटीचे तिकीट. आता माणसाचे तोंड दिसण्याच्या आधीच चाळणी लागते, आणि ती चाळणी घरात येऊन लागते. ती नेमके काय चाळते, याची चर्चा मात्र होत नाही. मुले अपयश मुकाट्याने गिळतात आणि 'आपल्यात ते डोकेच नाही' असा निष्कर्ष काढून मोकळी होतात. मी पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे. हा निष्कर्ष मला मान्य नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी कंपन्यांविषयी. 'कन्सल्टिंग' म्हणजे धंद्याला सल्ला देण्याचा धंदा. औषध कंपनीला आपले प्रतिनिधी कुठे किती नेमावेत हे ठरवायचे असते, बँकेला शाखा कमी करायच्या असतात. त्यांच्यासाठी आकड्यांचा चिखल तुडवून उत्तर काढून देणारी ही मंडळी. मॅकिन्झी, बीसीजी, बेन ही यातली बडी नावे. पुण्यात मोठे कार्यालय असलेल्या झेडएस कंपनीचे नाव झोल्टनर्स आणि सिन्हा या दोन प्राध्यापकांच्या आद्याक्षरांवरून पडले. त्यांनी ती १९८३ साली अमेरिकेत सुरू केली. डेलॉइट, ॲक्सेंचर, कॅपजेमिनी यांच्या सल्लागार शाखांत तर मराठी मुलामुलींची मोठी भरती होते. पगार बरा, काम बुद्धीचे, परदेशी जाण्याची शक्यता, त्यामुळे अर्जांचा पूर येतो. पुराला बांध हवा, आणि तो म्हणजे ही चाचणी.

आणि ही काही परकी चीज नव्हे. वाचकांतल्या बहुतेकांनी ती लहानपणी दिली आहे. चौथी-सातवीची, मधल्या काळात पाचवी-आठवीची झालेली शिष्यवृत्ती परीक्षा आठवा. त्यातला बुद्धिमत्ता चाचणीचा पेपर, 'विसंगत पद ओळखा', 'पुढील आकृती कोणती', संख्यामालिकेतली गाळलेली जागा, हीच या चाचण्यांची आजी. फ्रान्समध्ये बिने आणि सिमाँ यांनी १९०५ साली पहिली बुद्धिमापन कसोटी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुले शोधून त्यांना मदत करण्यासाठी. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात ती मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बेतली; १९४० साली त्यावरचे त्यांचे पुस्तक निघाले आणि 'बिने-कामत कसोटी' हे नाव आजही मानसतज्ज्ञांच्या तोंडी आहे. कामतांनी नव्वद वर्षांपूर्वी ओळखलेली गोष्ट साधी होती. पॅरिसच्या मुलाला विचारलेला प्रश्न धारवाडच्या किंवा पुण्याच्या मुलाला तसाच्या तसा विचारला, तर बुद्धी मोजली जात नाही, भलतेच काहीतरी मोजले जाते. पुढे १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी काढली आणि बुद्धिमापनाच्या चाचण्या मध्यमवर्गीय घरांत चर्चेचा विषय झाल्या. नोकरीसाठीच्या चाचण्यांचा व्यापार मात्र इंग्लंडमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या एसएचएलसारख्या कंपन्यांनी जगभर पसरवला. आपल्या इंजिनीअरिंग महाविद्यालयांत 'ॲमकॅट' म्हणून जी परीक्षा माहीत आहे, ती २००८ साली स्थापन झालेल्या ज्या भारतीय कंपनीची, ती कंपनीही २०१९ साली एसएचएलने विकत घेतली.

आता या चाचणीची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. आमच्या मुळशी तालुक्यातच लवळ्याला सिंबायोसिसची व्यवस्थापन संस्था आणि फ्लेम विद्यापीठ आहे. अशा ठिकाणी कंपन्या आपण होऊन येतात. तिथून पाच-सात मैलांवरच्या साध्या महाविद्यालयात त्या कधीच आल्या नसत्या. ऑनलाइन चाचणीमुळे निदान अर्जाची खिडकी उघडली. कोण कुठल्या महाविद्यालयाचा, कुणाचा कोण, हे चाचणीला कळत नाही. माझ्या पुतणीला पौडात बसून त्या कंपनीचे दार ठोठावता आले ते या चाचणीमुळेच, हे मी विसरत नाही.

तर त्या पत्रानंतर पुतणीने दुसऱ्या दोन कंपन्यांत अर्ज केले आणि मला म्हणाली, "काका, तुम्ही गणिताचे. माझ्याबरोबर बसाल?" एका शिकवणीवर्गाने तिला या तयारीचे चाळीस हजार रुपये सांगितले होते. मी म्हटले, आधी सहा आठवडे आपण बसू, मग पाहू. सहा आठवडे रोज संध्याकाळी तासभर आम्ही ओट्यावर बसलो. त्या बैठकांत जे दिसले ते सांगण्यासारखे आहे.

पहिल्या दिवशी इंटरनेटवर फुकट मिळणारी नमुना चाचणी लावली. अठरापैकी अकरा प्रश्नांपर्यंत ती पोचली आणि त्यातले तीन चुकले. चुकलेले प्रश्न अवघड होते काय? मुळीच नव्हते. सातवीचे शेकडेवारी-गुणोत्तराचे गणित, पण कोष्टकात आणि आलेखात लपवलेले. एक नमुना सांगतो. विक्री ४८० कोटींवरून ६०० कोटींवर गेली, वाढ किती? पंचवीस टक्के. पुढच्या वर्षी ती पुन्हा ४८० वर आली, घट किती? घाईत माणूस पंचवीसच म्हणतो. उत्तर वीस, कारण आता मोजायचे ते सहाशेच्या मानाने. उलटे धावणारे घड्याळ समोर नसते तर पुतणी हे कधीच चुकली नसती.

दुसरे म्हणजे ती प्रत्येक आकडा शेवटच्या दशांशापर्यंत काढत बसे. इंजिनीअरिंगने लावलेली सवय. चाचणीत दिलेले पर्याय एकमेकांपासून पुष्कळ दूर असतात, तिथे अंदाज पुरतो. ८१२ चे ३७.४ टक्के किती? पर्याय २७१, ३०४, ३३८, ३६१. साडेसदतीस टक्के म्हणजे तीन अष्टमांश. आठशेचे तीनशे, वरच्या बाराचे साडेचार. तीनशेचारच्या आसपास, पुढचा प्रश्न. हे मी तिला समजावत होतो तेव्हा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला आई तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "ह्यात शिकवायचं काय? तुझे वडील बोटावर करायचे."

खरेच करायचे. आमचे वडील चौथी शिकलेले, आंबेमोहर तांदळाचा लहानसा व्यापार. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे त्यांना तोंडपाठ होते. पावकी म्हणजे पाव पट, सवायकी म्हणजे सव्वा पट, औटकी म्हणजे साडेतीन पट. आजच्या वाचकांना ही नावेही नवी वाटतील. मणाचा भाव सांगितला की पाऊण मणाचे पैसे समोरचा बोलेपर्यंत वडिलांच्या ओठांवर असत. ४८० ची सवाई सहाशे, आणि सहाशेतून पंचमांश काढला की पुन्हा ४८०, हे त्यांना सांगावे लागले नसते. जुन्या पंतोजींच्या छडीची आठवण काढून मी गहिवरणाऱ्यांतला नाही. अर्थ न कळता केलेल्या त्या घोकंपट्टीने कितीतरी मुले शाळेतून पळाली. पण कॅल्क्युलेटर आला तेव्हा आम्ही शिक्षकांनी घोकंपट्टीबरोबर अंदाजही फेकून दिला, आणि आज जगातल्या सर्वांत महागड्या सल्लागार कंपन्या नेमका तोच अंदाज मुलांत शोधताहेत, याची मौज वाटते. आम्ही वहीत दोन पाने भरून अपूर्णांक आणि टक्के यांची जोडपी लिहिली. अष्टमांश म्हणजे साडेबारा, षष्ठांश म्हणजे पावणेसतराच्या आसपास, सप्तमांश म्हणजे सव्वाचौदा. आठवड्यात ती पाठ झाली.

तिसरी अडचण मला अनपेक्षित होती. उताऱ्यावरच्या प्रश्नांत खाली एक विधान असते आणि पर्याय तीन: खरे, खोटे, सांगता येत नाही. मी मुद्दाम मराठीत एक तयार केला. उतारा: 'तालुक्यातील कारखान्यांची संख्या वाढली आहे आणि शेतीखालील जमीन घटली आहे.' विधान: 'कारखान्यांमुळे शेतीखालील जमीन घटली.' पुतणी म्हणाली, खरे. मी म्हटले, सांगता येत नाही. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या एवढेच उताऱ्यात आहे, एकीमुळे दुसरी घडली असे कुठे म्हटले आहे? ती उसळली. "काका, पण ते खरंच आहे ना! माणला आणि हिंजवडीला जाऊन बघा की!" तिचे बरोबर होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहू लागले, तेव्हापासून भाताची खाचरे कशी गेली हे या तालुक्यातल्या पोराटोरांना ठाऊक आहे. पण चाचणीत स्वतःला ठाऊक असलेले सारे दाराबाहेर ठेवायचे असते आणि फक्त उताऱ्यापुरते बोलायचे असते. ही शिस्त चांगली आहे. सल्लागाराला ती हवीच. पण तिला बुद्धी म्हणता येणार नाही. हा खेळाचा नियम आहे, आणि ज्याला तो आधी कुणी सांगितला तो पुढे जातो.

सहा आठवड्यांनी पुतणी अठराच्या अठरा प्रश्न वेळेत सोडवू लागली. त्या सहा आठवड्यांत तिची बुद्धी वाढली असे मी म्हणू का? वाढली ती सवय.

हा केवळ काकाचा अनुभव नव्हे. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००७ साली 'जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी'मध्ये पन्नास अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून दाखवले, की अशी चाचणी दुसऱ्यांदा देणाऱ्याचे गुण सरासरीने प्रमाण विचलनाच्या पाव भागाहून किंचित अधिक वाढतात. साध्या भाषेत, शंभर जणांच्या रांगेत जो बरोबर मध्यावर होता तो दहा जणांना मागे टाकतो, नुसता दुसऱ्यांदा बसल्यामुळे. शिकवणी असेल तर याहून अधिक. जिथे वरचे मोजकेच घ्यायचे असतात तिथे दहा जणांना मागे टाकणे म्हणजे आत की बाहेर याचा निकाल.

कंपन्यांना हे कळत नाही असे नाही. मॅकिन्झीची जुनी कागदी परीक्षा साठ मिनिटांत सव्वीस प्रश्नांची होती. तिच्या तयारीची पुस्तके आणि वर्ग यांचे पीक आले, तेव्हा कंपनीने ती मागे घेऊन संगणकावरचा खेळ आणला. एका बेटावर किंवा समुद्रात आठ जीवजाती अशा निवडायच्या की कोण कुणाला खातो याचा हिशेब जुळून सगळ्या तगल्या पाहिजेत. तुम्ही उत्तर काय दिले याबरोबरच उत्तरापर्यंत कसे पोचलात याचीही नोंद होते. घोकंपट्टी चालू नये हा हेतू. झाले काय, तर लवकरच त्या खेळाची नक्कल करून पैसे घेऊन सराव देणारी दुकाने निघाली. बीसीजीने संगणकाशी गप्पा मारत धंद्याचा पेच सोडवण्याची चाचणी आणली, जिच्या शेवटी कॅमेऱ्याकडे पाहून मिनिटभरात आपली शिफारस सांगायची. तिचीही तालीम विकत मिळते. ज्या परीक्षेवर नोकरी अवलंबून आहे तिची तयारी होणारच. तेव्हा तयारी करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की तयारी कुणाला परवडते आणि ती करायची असते हे कुणाला ठाऊक असते.

इतके करून या चाचणीतून चांगला कर्मचारी सापडतो का? १९९८ साली श्मिट आणि हंटर या अभ्यासकांनी बुद्धिमत्ता चाचणी आणि पुढे नोकरीतली कामगिरी यांचा संबंध ०.५१ इतका मोठा असल्याचे मांडले होते. पाव शतक भरतीचे खाते चालवणाऱ्यांनी हा आकडा मंत्रासारखा जपला. २०२२ साली पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या हिशेबाच्या दुरुस्त्या तपासल्या आणि आकडा ०.३१ वर आला. संख्याशास्त्राच्या रीतीने वर्ग करून पाहिले, तर माणसामाणसांच्या कामगिरीतल्या फरकाचा जिथे चौथा हिस्सा चाचणी सांगते असे वाटत होते, तिथे ती जेमतेम दहावा हिस्सा सांगते. सर्व उमेदवारांना तेच ठरलेले प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत त्याहून सरस ठरली. म्हणजे चाचणी निरुपयोगी नाही, पण जो निकाल मुले आपल्या बुद्धीवरचा शिक्का म्हणून आयुष्यभर मिरवतात किंवा लपवतात, त्याचे वजन एवढेच आहे. हे प्रत्येक घरात सांगितले गेले पाहिजे असे मला वाटते. घरातल्या मोठ्यांनी तर आधी स्वतःला सांगावे, कारण 'अमक्याच्या मुलाला जमले, तुला का नाही' हे वाक्य आपल्याच तोंडून निघते.

भाषेचा मुद्दा कामतांच्या काळातला आहे आणि अजून तसाच पडला आहे. पुतणी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. तिचे इंग्रजी वाईट नाही, पण एका मिनिटात दीडशे शब्दांचा उतारा वाचून त्यातला आडवा अर्थ पकडायचा म्हणजे इंग्रजी कळणे पुरत नाही, ते घरात बोलले गेलेले असावे लागते. या मुलीला पुढे इंग्रजीतच काम करायचे आहे, तेव्हा इंग्रजी तपासा, जरूर तपासा. पण मग त्याला इंग्रजीची परीक्षा म्हणा, अभियोग्यतेची म्हणू नका. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ साली पूर्वपरीक्षेत 'सीसॅट' आणली तेव्हा हाच वाद पेटला होता. २०१४ साली हिंदी माध्यमाची मुले दिल्लीत रस्त्यावर आली. 'स्टील प्लांट'चे भाषांतर पोलादाचे झाड अशा थाटाचे झाल्याचे उदाहरण तेव्हा गाजले. अखेर २०१५ पासून तो पेपर तेहतीस टक्क्यांपुरता, केवळ पात्रतेचा झाला. पुण्यातल्या अभ्यासिकांमधून झालेल्या मागणीनंतर महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही २०२२ साली तोच मार्ग धरल्याचे जाहीर केले. सरकारी परीक्षांवर आपण एरवी तोंडसुख घेतो, आणि घ्यावे असे त्यांत पुष्कळ घडते. २०२३ च्या तलाठी भरतीत, वेगवेगळ्या सत्रांचे गुण एका पातळीवर आणण्याच्या हिशेबात, दोनशेपैकी २१४ गुण मिळालेले उमेदवारही आपण पाहिले! पण तिथे उत्तरतालिका निघते, आक्षेप घेता येतो, रस्त्यावर उतरता येते. खासगी कंपनीच्या चाचणीत किती गुण मिळाले हेसुद्धा बहुधा कळत नाही. खासगी कंपनीला तो अधिकार आहे, हे कबूल. पण हजारो मुलांच्या आयुष्याचे पहिले दार ज्यांच्या हातात आहे त्यांनी नमुना प्रश्न ठळकपणे द्यावेत, गुण कळवावेत आणि वीज गेल्यास पुन्हा बसू द्यावे, एवढे मागणे काही क्रांतिकारक नव्हे.

वीज म्हटल्यावर आमच्या तालुक्याचा माणूस गप्प बसू शकत नाही. १९२१ च्या रामनवमीला सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तो तीन वर्षे चालला आणि हरला. माझ्या आईच्या माहेरची जमीन त्या पाण्याखाली आहे. पाणी सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे भिऱ्याला उतरते, तिथे वीज होते आणि ती मुंबईला जाते. शंभर वर्षांपूर्वी ती गिरण्यांसाठी गेली. ज्या बाईचे माहेर विजेसाठी बुडाले, तिच्या नातीची परीक्षा वीज गेल्याने बुडावी, हे मी कथेत लिहिले असते तर संपादकांनी बेतलेले म्हणून परत पाठवले असते.

परीक्षा सर्वांना सारखी, याचा अर्थ परीक्षेची जागाही सर्वांना सारखी असा होत नाही, हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. १८५५ पासून आयसीएसची स्पर्धा परीक्षा कायद्याने भारतीयांना खुली होती, पण घेतली जात होती लंडनला. सत्येंद्रनाथ टागोर समुद्र ओलांडून गेले आणि १८६३ साली उत्तीर्ण झाले. ज्यांना जाता आले नाही त्यांची गणती कुणी ठेवली नाही. दादाभाई नौरोजींसारख्यांनी दशकानुदशके मागणी केली, तेव्हा कुठे १९२२ साली अलाहाबादला पहिल्यांदा ती परीक्षा झाली. आज लंडन घरात आले आहे, पण त्यासाठी घरात बंद होणारी खोली हवी, न जाणारी वीज हवी, चांगला कॅमेरा हवा, आणि तासभर शांत राहणारे कुटुंब हवे. दोन खोल्यांत सहा माणसे राहतात त्या घरातल्या मुलाने काय करावे? कॅमेऱ्यामागचे यंत्र संशय घेते ते उगाच नाही. मोबाईलवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारून उत्तरे लिहिणारे आहेतच, आणि त्यांच्यामुळे पहारा कडक झाला हेही खरे. पण त्या पहाऱ्यात सापडते कोण, तर आजी.

यावर उपाय फार खर्चाचा आहे असे मला वाटत नाही. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची एमएस-सीआयटीची केंद्रे तालुक्या-तालुक्यांत आहेत. संगणक आहेत, अनेक ठिकाणी जनरेटर आहे, आणि दुपारी बऱ्याच खुर्च्या रिकाम्या असतात. गावोगावी ग्रामपंचायतींनी अभ्यासिका काढल्या आहेत. एक बंद खोली, एक कॅमेरा, एक भरवशाची जोडणी, तासाला माफक भाडे. कंपन्यांनी अशा जागा मान्य कराव्यात आणि स्थानिक आमदारांनी आपल्या निधीतून त्या कराव्यात. बसथांब्यावर नाव रंगवण्यापेक्षा ते बरे. हिंजवडीतल्या कंपन्या सामाजिक दायित्वाच्या पैशांतून शाळांना रंग आणि बाके देतात, चांगले आहे. त्याच पैशांतून चाचणीची एक खोली द्यायला हरकत नसावी.

शिकवणीवर्गाला ते चाळीस हजार आम्ही दिले नाहीत. ज्यांना स्वतःहून अभ्यासाला बसणे जमत नाही त्यांनी जावे, त्यांना शिस्त मिळते. बाकीच्यांना एक वही, एक घड्याळ, फुकट मिळणाऱ्या नमुना चाचण्या आणि रोज चूक तपासणारे घरातले एक माणूस एवढे पुरावे. ते माणूस गणिताचे नसले तरी चालते. आमच्या वहिनी बारावी कला शाखेच्या. पण 'हे का चुकलं ते मला समजेल असं सांग' असे त्यांनी विचारले की पुतणीची चूक तिच्याच तोंडून बाहेर पडे. माझ्या तासभर व्याख्यानापेक्षा त्याचा उपयोग अधिक झाला, हे मी मान्य करतो, जरा जड मनाने.

दोनपैकी एका कंपनीची चाचणी पुतणीने पार केली, मग मुलाखतीच्या दुसऱ्या फेरीत ती राहिली. धंद्याचा पेच सोडवताना ती घाबरून फार लवकर बोलली, असे ती स्वतःच म्हणते. त्या मुलाखतीत निदान समोर माणूस होता आणि त्याने शेवटी दोन वाक्यांत तिला काय चुकले ते सांगितले. घरी आली तेव्हा चाचणीच्या दिवशीपेक्षा ती कितीतरी मोकळी होती.

दुसऱ्या कंपनीची चाचणी येत्या रविवारी आहे. पिरंगुटला ओळखीच्या एका संगणक वर्गाची मागची खोली दोन तासांसाठी मिळाली आहे, तिथे जनरेटर आहे. भाऊ तिला सोडायला जाईल आणि बाहेर थांबेल. आईला हे सारे समजावून सांगितले. ती म्हणाली, "बरं. मी नाही येत. पण ताक बाटलीत भरून देते, परीक्षा झाल्यावर पी म्हणावं. मीठ कमी टाकीन."